पेंटरकाकांची पाटी
एनॅमल रंगाचा वास आला की सेक्टर सहामधल्या हॉलमधलं आमचं कलाप्रदर्शन आठवतं. भिंतींवर चित्रं काढणारे, डिझायनर, चित्रकार असे आम्ही आठ जण होतो. मला पाट्यांवरची अक्षरं काढायला शिकवणाऱ्या, खुर्सीपार वस्तीतल्या म्हाताऱ्या पेंटरकाकांनाही मी आग्रहाने बोलावलं होतं. छापील फ्लेक्स बोर्ड आल्यापासून त्यांचं काम बसलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते दिवसभर आपल्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाटीजवळ उभे राहिले. लोकांनी पाटीचे फोटो काढले, वाहवा केली. हॉल बंद होताना त्यांनी मला विचारलं, "कोणी बोर्ड लिवाले सांगतलं का?" मी म्हणालो, "नाही काका, इथं लोक फक्त पाहाले येतात." "मंग मले कावून बोलावलं, बाबू?" ते शांतपणे म्हणाले. काम मिळालंच तर हाताशी असावेत म्हणून त्यांनी पिशवीत ब्रश आणले होते. ती पिशवी उचलून ते पायीच घरी गेले. त्यांच्या गल्लीतून जायचं मी अजून टाळतो.