उन्हातलं टेबल आणि राजीनामा

चंदीगडच्या आमच्या ऑफिसात भिंती घालायचं सरकार बहुधा विसरलंच होतं. एकच हॉल, त्यात ऐंशी टेबलं. लांबी एवढी की या टोकाला कुणी शिंकलं तर ती शिंक त्या टोकाला पोचेपर्यंत त्याची सर्दी बरी झालेली असायची. साताऱ्याहून बदलीवर आलो आणि महिन्याभरात या हॉलची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली.

मी लगेच दोरी धरून टेबलं सरळ रांगेत लावली. त्यात हेडक्लार्क सरदारजींचं टेबल खिडकीतून उठून खांबामागे गेलं. तिथल्या जानेवारीत खिडकीतलं ऊन म्हणजे काय चीज असते, हे साताऱ्याच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? सरदारजी सकाळी टेबल ओढून उन्हात न्यायचे, दुपारी मी ते परत खांबामागे आणायचो. पंधरा दिवसांत त्या टेबलाने दिल्ली गाठली असती. हॉलमध्ये कामं बंद, पैजा चालू.

शेवटी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "बहुत हो गया. शाम तक राजीनामा लिखकर मेरी मेज पर रख दो."

घरी बायको, दोन पोरं, राहायला सरकारी क्वार्टर. टेबलापायी नोकरी गेली, हे सासऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगू? जागेवर येऊन इंग्रजीत राजीनामा खरडला, खाली सही ठोकली. आडोसा नसल्याने डोळे पुसायचीही सोय नव्हती. एकशे अठ्ठावन्न डोळे माझ्यावर खिळलेले.

तेवढ्यात सरदारजीच खुर्ची ओढून समोर बसले. "चलो जी, राजीनामा कर लेते हैं."

"आप भी?" मी खुर्चीतून उठलोच. "आप क्यों नौकरी छोड़ते हैं? मेरे अकेले की जाने दीजिए."

"नौकरी कौन छोड़ रहा है?" त्यांनी माझा कागद ओढून वाचला. पुन्हा वाचला. मग असे गडगडाटी हसले की सगळ्या टाइपरायटरांची टकटक थांबली. त्यांच्याकडे राजीनामा म्हणजे समेट, हे मला अख्ख्या हॉलसमोर खणखणीत आवाजात समजावण्यात आलं.

समेट पाच मिनिटांत झाला. थंडीत टेबल उन्हात, उन्हाळ्यात रांगेत. दोघांनी सह्या केल्या. माझा मूळ कागद मात्र सरदारजींनी घडी घालून खिशात टाकला.

"वो तो लौटाइए."

"रहने दो जी. दस्तखत हैं, बस तारीख नहीं डाली आपने. काम आएगा."

पुढची चार वर्षं त्या टेबलावरची धूळ झटकायचीही माझी छाती झाली नाही.