दोन साडू, दोन मोटारी

माझ्या सासूबाई एकदा चालत्या मोटारीतून नाहीशा झाल्या. मोटार माझी होती आणि चालवतही मीच होतो.

तेव्हा तळेगावात दोनच मोटारी. एक माझी, जुनी अमेरिकन. दुसरी माझे साडू नानासाहेब यांची, तितकीच जुनी पण विलायती. आमच्या गप्पा कुठूनही निघाल्या तरी मोटारीवर येऊन थांबत.

"माझी वीस घोड्यांची!" मी म्हणे.

"घोडे वीस, पण पितात चाळिसाचं!" नानासाहेब म्हणत. "माझीचं इंजिन ऐका. मांजर झोपल्यासारखं!"

"झोपलेलंच असतं ते!"

सासूबाईंच्या धाकट्या दिरांनी लोणावळ्याला टेकडीवर बंगला बांधला. वास्तुशांतीला जायचं ठरलं आणि आम्ही दोघांनी निकाल लावायचाच असं ठरवलं. पहिली पोचेल ती गाडी श्रेष्ठ! सासूबाई माझ्या गाडीत बसल्या. (माझी बायको नानासाहेबांच्या गाडीत, बहिणीशेजारी बसली. नवऱ्यावर विश्वास असावा तो असा!)

कामशेतपर्यंत मी पुढे, मळवलीला ते पुढे. बंगल्याचा चढ आला आणि त्यांच्या मांजराच्या नाकातून वाफ निघू लागली. पाणी उकळलं! मी हसत पुढे निघालो, तर अर्ध्या चढावर माझी गाडी गचकन बंद. घरंगळत पुन्हा सपाटीवर आलो.

मला कारण ठाऊक होतं. टाकी सीटखाली, पेट्रोल कमी. चढावर ते इंजिनाकडे वाहतच नाही. उपाय एकच, गाडी उलटी चढवायची. मी उतरून हँडल मारलं, टुणकन आत बसलो, गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये घातली. दाराबाहेर अर्धा लोंबकळत मागच्या चाकावर नजर ठेवून निघालो.

"आई, घाबरू नका हं! रिव्हर्सची ताकद सगळ्यात जास्त असते!"

सासूबाई गप्प. मला धन्य वाटलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं ते पहिल्यांदाच!

माथ्यावर ब्रेक दाबला, मागे वळून पाहिलं. सीटवर नुसती शाल!

या खडबडीत चढावर कुठे पडल्या असतील? "आई! आई!" ओरडत मी खाली धावलो. वाटेतल्या प्रत्येक झुडपात वाकून पाहिलं. घाम की अश्रू, कळेना. गवताचा भारा घेऊन एक शेतकरी वर येत होता.

"म्हातारीला हुडकताय व्हय, सायेब? त्या तितं आंब्याखाली हायेत की! लय मजेत हायेत. लाडू खात्यात."

खरंच, सगळे आंब्याखाली होते! मी मटकन खालीच बसलो.

"अहो, ओरडून घसा बसला आमचा!" बायको म्हणाली.

"तुम्ही हँडल मारत होतात, तेवढ्यात पाय मोकळे करायला उतरले," सासूबाई म्हणाल्या. "तर तुम्ही पाठ दाखवून निघूनच गेलात!"

"पण पहिली गाडी माझीच पोचली," मी धापा टाकत म्हणालो.

"रिकामी!" नानासाहेब म्हणाले.

सासूबाई धडधाकट आहेत या आनंदात मी सगळं सहन केलं. वर म्हणालो, "आई, परत जाताना तुम्ही म्हणाल त्या गाडीने जा. माझ्या किंवा नानांच्या, माझी काही हरकत नाही."

"संध्याकाळच्या पॅसेंजरने जाईन," त्या म्हणाल्या.

तिकीट काढायला स्टेशनवर मीच धावलो. त्या दिवशी माझ्या मोटारीपेक्षा मीच जास्त पळालो, हे नानासाहेबांनीसुद्धा मोठ्या मनाने मान्य केलं!