पोटाखालचा ठोकळा

"ठोकळा घातला का नाय, एवढंच सांग."

"सकाळी सकाळी तोंड तरी धुऊ देशील का नाय?"

"तोंड मागनं धू. आधी सांग."

"नाय घातला. झालं?"

"घाटनदेवीची आण घे."

"आता तिला कशाला उठवते? दिवसभर ट्रकवाल्यांचे नारळ खाऊन झोपली असल ती."

कारभारीने मोरीत खळखळून चूळ भरली आणि टॉवेलने मान पुसत धाकट्या बहिणीकडे पाहिलं. मंगलाबाई उंबऱ्यातच उभी होती. पायात चपला, अंगात यार्डाचा हिरवा कोट, काखेत डब्याची पिशवी. अंबडच्या त्या गल्लीत तिचं घर भावाच्या घरापासून चार दारं सोडून होतं. एरवी कामावर जाताना ती दारातून नुसती हाक मारून पुढे जायची. आज हाकही मारली नव्हती, सरळ प्रश्नच टाकला होता.

"आत तरी या वन्सं," स्टोव्हपाशी बसलेली विमलाबाई म्हणाली. "चहा होतोय."

"ह्याला खरं बोलू दे, मग येते."

"धोंडीराम सुखी हाय बघ," कारभारी म्हणाला. "दिंडोरीला वायनरीच्या गेटावर राहतो, आठवड्यातनं एकदा घरी येतो. एकदाच उलटतपासणी."

मंगलाबाई हसली नाही. नवऱ्यावरून केलेली थट्टा ही विषय बदलायची भावाची जुनी खोड होती, हे ती ओळखून होती.

तशी ती सगळ्यांनाच ओळखून असायची, निदान तिला तसं वाटायचं. गॅसचं बटण बंद केल्यावर ती पुन्हा जाऊन बघते. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघते. दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा बाटलीवरची तारीख तिने नर्सकडून वाचून घेतली आणि नर्स गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडून पुन्हा वाचून घेतली. यार्डात तिला मागून शंकासूर म्हणतात. हळूहळू तोंडावरही म्हणायला लागले. तपासणीवरच्या तेजल मॅडमनी एकदा विचारलं होतं, "मावशी, तुमचा विश्वास बसतो तरी कशावर?"

"झाकण उघडून बघितलं का बसतो," मंगलाबाई म्हणाली होती.

हा संशय तिच्या डाव्या टाचेतून वर चढलेला होता. दोघं भावंडं मूळची पेठकडच्या डोंगरातली. तिकडे भात-नागलीची रोपं टाकायची तर आधी राब भाजावा लागतो. शेण, पालापाचोळा, काटक्या जमिनीच्या तुकड्यावर अंथरायच्या आणि उन्हाळा सरता सरता पेटवून द्यायच्या. वरचा जाळ लगेच बसतो. राख पांढरी होते, वाऱ्याने उडते, बघणाऱ्याला वाटतं झालं. आतलं शेण मात्र धुमसत राहतं. मंगला परकरातली असताना कारभारीने अशाच एका राबावर तळहात धरला होता आणि म्हणाला होता, "गार हाय, चल." तो स्वतः बांधावरून उड्या मारत गेला. ती मधून गेली. टाचेची कातडी गेली ती पुन्हा नीट आलीच नाही. अजूनही ती डावा पाय जरा कडेवर टाकते, त्यामुळे तिच्या चपलांचा आवाज एकसारखा येत नाही. गल्लीतली पोरं डोळे झाकून सांगतात, मंगलामावशी आली.

भावाशी तिने अबोला मात्र कधी धरला नाही. दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला जाऊन जाऊन हात कातरून गेले, तेव्हा यार्डातलं काम कारभारीनेच लावून दिलं. तो तिथला जुना ट्रेलर ड्रायव्हर. विल्होळीजवळच्या त्या मोकळ्या रानात कारखान्यातून नव्या गाड्या येतात, रांगेत उभ्या राहतात, मग ट्रेलरवर चढून कसारा घाट उतरतात आणि मुंबईच्या गोदीतून बोटीने परदेशात जातात. मंगलाबाईचं काम पुसण्याचं. वरून पुसायचं, काचेवर पांढरा कागद चिकटवायचा आणि खालूनही पुसायचं. गोणपाट टाकून, उताणं होऊन, गाडीच्या पोटाखाली सरकायचं आणि चिकटलेला चिखल काढायचा.

"खाली कोण बघायला बसलंय?" पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं.

"ऑस्ट्रेलियावाले," तेजल मॅडम म्हणाल्या. "त्यांना आपली माती चालत नाही. मातीतून बी जातं, किडा जातो. चिमूटभर सापडली तरी गाडी परत."

"आणि माणसं चालतात?"

"धुतलेली," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी हसल्या होत्या.

कारभारीच्या केबिनमध्ये सीटमागे एक सागाचा ठोकळा असतो. तो त्यांच्या बापाचा, पुंजाचा. पुंजा बैलगाडीने डोंगरातून लाकडं आणायचा. चढावर बैल दमले की गाडी मागे येऊ नये म्हणून चाकाखाली हा ठोकळा. बाप गेल्यावर कारभारीने घरातलं दुसरं काही मागितलं नाही, हाच मागितला. दसऱ्याला तो ठोकळा देव्हाऱ्यापुढे पाटावर येतो, त्याला हळद-कुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. ते कुंकू दर वर्षी मंगलाबाईच लावते, बापाची लेक म्हणून. दुसऱ्या दिवशी ठोकळा पुन्हा केबिनमध्ये. घाटनदेवीपाशी गाडी थांबवायची, नारळ फोडायचा, मागच्या टोकाची गाडी फारच नाचत असेल तर तिच्या पोटाखाली तो ठोकून बसवायचा आणि मग घाट उतरायचा. जुने ड्रायव्हर सगळे असंच करायचे. पेट्रोलच्या गाडीला त्याने काही होत नव्हतं. फार तर एखादा ओरखडा, तोही कोण बघतो.

मग विजेच्या गाड्या आल्या.

तेजल मॅडमनी सगळ्यांना शेडखाली बसवून सांगितलं होतं. "ह्या गाडीचं पोट म्हणजेच बॅटरी आहे. पोटाला काहीही लावायचं नाही. जॅक नाही, दगड नाही, लाकूड नाही. मार बसला तर तेव्हा काही दिसणार नाही. गाडी चालेल, दिवे लागतील. आणि मग कधीतरी, दिवसांनी, आतून तापायला लागेल. एकदा पेटली की पाण्याने आटोपत नाही. विझली म्हणून पाठ फिरवावी तर पुन्हा पेटते."

"राबावाणी," मंगलाबाई म्हणाली.

मॅडम शहरातल्या, कॉलेज रोडच्या. त्यांना राब माहीत नव्हता. मंगलाबाईने सांगितला, तेव्हा म्हणाल्या, "हो मावशी, अगदी तसंच. फक्त हा राब बोटीच्या पोटात असतो."

बोटीचं पोट कसं असतं ते मंगलाबाईला तिच्या लेकाने सांगितलं होतं. सुनील गाड्यांच्याच बोटीवर खलाशी आहे. त्याला बोटीवर लावला तो मामानेच, गोदीतल्या ओळखी काढून. व्हिडिओ कॉलवर त्याने एकदा दाखवलं होतं. मजल्यावर मजले, छत डोक्याला टेकेल इतकं खाली आणि गाड्या इतक्या खेटून की त्यांचे आरसे मिटलेले. मधून जायचं तर अंग आडवं करून.

"पट्टे सैल झाले का ते बघत फिरायचं, आई. वास येतो का, धूर हाय का, ते बी बघायचं."

"आणि असला तर?"

"तर घंटा. सगळ्यांनी वर यायचं, डोकी मोजायची, दारं लावायची आणि खाली गॅस सोडायचा. हवाच संपली का आग मरते."

"आणि डोकी मोजताना चुकले तर?"

सुनील हसला होता. "तू ना आई, खरंच शंकासूर हायस."

तिला त्या हसण्याचाही संशय आला होता. विचारलेल्याचं उत्तर त्यात नव्हतं.

दसऱ्यानंतर कारभारी विजेच्या गाड्या घेऊन गेला. घाट उतरला आणि पुढे रस्त्यात टँकर उलटलेला. सगळं तुंबलं, गोदीची वेळ टळली, बोट निघून गेली. ट्रेलर माल घेऊन परत वर आला. मॅडमनी गाड्या उतरवताना विचारलं, "कारभारी, कुठे काही लागलं-बिगलं?" तो म्हणाला, "फुलावाणी नेल्या, फुलावाणी आणल्या." परत आलेल्या गाड्या वरून तपासल्या आणि मंगलाबाईकडे पुसायला दिल्या.

काल दुपारी ती शेवटच्या गाडीखाली सरकली होती. चिखल पुसता पुसता फडकं लाल झालं. गंज म्हणावा तर नवी गाडी. तिने फडकं नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, दसऱ्याच्या दिवशी तिच्याच बोटांना असलेला. मग तिने त्या जागेवर तळहात फिरवला. वाटीच्या तळाएवढा खोलगटपणा लागला. टॉर्चच्या उजेडात दिसत नव्हता, हातालाच कळत होता.

बाहेर येऊन ती मॅडमना हाक मारणार होती. तेवढ्यात मॅडमनीच सगळ्यांना ओरडून सांगितलं की हा लॉट उद्या दुपारी चढवायचा, आणि पुढच्या बोटीचं नाव वाचलं. इंग्रजी नाव होतं, पण मंगलाबाईला तोंडपाठ. सुनीलची बोट. चारच दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "मुंबईला लागतोय आई, उतरायला नाय मिळणार. मामा गोदीत आला तर वरनं हात करीन."

तरी तिने हाक मारली नाही. फडक्यावरचं कुंकू तिच्या बापाच्या ठोकळ्याचं होतं. ठोकळ्याचं नाव घ्यायचं म्हणजे भावाचं घ्यायचं. तिने फडकं घडी करून कोटाच्या खिशात टाकलं आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

"किती येळ उंबऱ्यात उभी राहशील?" कारभारी आता शर्टाची बटणं लावत होता. "नाय म्हटलं ना एकदा."

मंगलाबाईने चपला काढल्या. आत आली ती थेट देव्हाऱ्यापाशी. ठोकळा केबिनमध्ये असायला हवा होता. तो देव्हाऱ्याखाली होता, पुढे तांब्या ठेवलेला.

"हा घरी कशापायी?"

"असाच. पडला असल."

"केबिनमधनं चालत आला?"

तिने ठोकळा उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. वरच्या अंगाचं कुंकू कडेला होतं, मधे नव्हतं. मधे सागाच्या रेषांत गाडीच्या पोटाचा बारीक करडा रंग बसला होता.

"हे काय?"

"जुनं असल काहीतरी."

"दसऱ्याला मी कुंकू लावलं तवा नव्हतं."

स्टोव्हकडे तोंड करूनच विमलाबाई म्हणाली, "त्या दिवशी आले तसे फडक्यानं घासत बसले होते. मी म्हटलं, देवाची वस्तू कशाला घासता?"

"तू गप्प बस."

"गप्पच हाय. विचारलं म्हणून बोलले."

मग कारभारी खाटेवर बसला.

"मागची गाडी नाचत होती, मंगे. दोनदा उतरून पट्टे आवळले. कसाऱ्याचं वळण तुला म्हाईत नाय. गाडी सुटली असती आणि मागनं एखादा मोटरसायकलवाला असता तर? बाच्या ठोकळ्यानं आजवर दगा दिला नाय."

"मग मॅडमला फुलावाणी का म्हटला?"

"खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. या वयात दुसरा ट्रेलर कोण देतंय मला? वर तूबी गेली असती, माझी बहीण म्हणून."

"त्या बोटीवर सुनील हाय."

कारभारीचा हात बटणावरच थांबला.

"ह्या बोटीवर?"

"मॅडमनी नाव वाचलं काल."

त्याने उरलेली बटणं तशीच सोडली. मग बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "माझा भाचा हाय तो. खांद्यावर बसवून जत्रेला नेलाय मी. त्याला जाळीन का मी? उतरवल्यावर मी स्वतः खाली घुसलो. तळहात लावून धरला. लय येळ धरला. काय नाय तिथं. गार हाय."

मंगलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. आपण तेच जुने दोन शब्द बोललो ते त्याला ऐकू आलं होतं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. विमलाबाईने चहा गाळून कपबशी पुढे सरकवली. ती कुणी उचलली नाही.

"ऐक," कारभारी म्हणाला. "ती गाडी बाजूला काढायला लाव. मी नको म्हणत नाय. पण दुसरं काय तरी सांग. वास येतो म्हण. आवाज येतो म्हण. शंकासूर म्हणतातच तुला, कोण विचारणार नाय."

"वास येतो म्हटलं तर ते वास शोधतील. सापडणार नाय. दुपारी गाडी चढवतील."

"मग चिखल निघत नाय म्हण."

"चिखल निघालाय. कालच मॅडमनी बघितलं."

तिने खिशातून ते लालसर फडकं काढलं, त्यात ठोकळा गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत, भाकरीशेजारी ठेवला. पिशवीचा बंद खांद्यावर ओढला. ठोकळ्याने पिशवी एका अंगाला झुकली.

"वन्सं, घोटभर तरी," विमलाबाई म्हणाली.

मंगलाबाई उंबऱ्यात बसून चपला घालत होती. डाव्या पायाचा अंगठा नेहमीसारखा पटकन आत जात नव्हता. कारभारी उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला, अर्धा शर्ट उघडा.

"मंगे. माझं नाव सांगशील?"

ती उठली. गल्लीत नळावर बाया भांडी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यातून तिने वाट काढली. चपलांचा आवाज, एक जड, एक हलका, कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला.