ताईचं ‘छान’

केमोची सलाईन लावून ताई खाटेवर पडली होती आणि मी शेजारी बसून पडणारे थेंब बघत होते. तेवढ्यात हॉस्पिटलमधली एक मुलगी आली. “काकू, इथला अनुभव कसा आहे? तुम्ही सांगितलंत तर आम्हाला सुधारता येईल.”

“छान,” ताई म्हणाली. सिस्टर कशा वागतात, असं मुलीने विचारलं. “त्याही छान.”

मागच्या खेपेला शीर सापडेना म्हणून टोचून टोचून तिचा हात काळानिळा झाला होता. दुखतंय म्हणाली, तर सिस्टर खेकसली होती. मी तोंड उघडणार, तोच ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

मुलगी पुढे गेल्यावर मी विचारलं, “खरं का नाही सांगितलंस?”

“अगं, सुई त्यांच्याच हातात असते.”

पलीकडच्या खाटेवरूनही ‘छान’ ऐकू आलं. भीतीपोटी सगळेच असं म्हणत असतील, तर इथलं दुखणं कुणाला कळणार?

न राहवून मी बाहेर जाऊन त्या मुलीला सगळं सांगितलं. “नाव नाही लिहीत आम्ही,” ती म्हणाली.

परतले तेव्हा सलाईन संपत आली होती. मागच्या खेपेची तीच सिस्टर खाटेकडे येताना दिसली. ताई तिच्याकडे बघून आधीच हसली आणि मी सिस्टरचा चेहरा वाचत राहिले.