सुभद्रेचं माहेर

“म्हणजे माझी आई कुठंच नाही?” आबांनी विचारलं.

ते चाळीसगावला माझ्या टेबलासमोर बसले होते. मी मोडी वाचते. रेकॉर्ड रूममधून रिटायर झाल्यापासून लोकांच्या जुन्या नोंदी शोधून देते. बहुतेकांना जातीचा दाखला हवा असतो. दीपनगरच्या पॉवर स्टेशनमध्ये नोकरी केलेल्या या आबांना मात्र आईचं माहेर हवं होतं. ते लहान असतानाच आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मामाकडचं येणंजाणं तुटलं.

“सुट्टी लागली की सगळी पोरं मामाच्या गावाला जायची,” ते म्हणाले. “मी त्यांना गाडीत बसवून परत यायचो. एकदा तरी त्या घरात पाय ठेवायचाय, ताई.”

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी वही. तिच्यात आबांचा जन्म सापडला, पण पुढे फक्त बापाचं नाव. आईचा मृत्यूही सापडला. ‘सुभद्रा’, आणि पुढे नवऱ्याचं नाव. माहेराचा पत्ता नाही. लग्नाची नोंद करायला तेव्हा जायचं कोण? आई साक्रीकडची, एवढंच आबांनी ऐकलेलं. मी तिकडच्या वह्यांत सुभद्रा शोधून शोधून थकले. जुळणारी एकही मिळेना.

“आईची एखादी वस्तू आहे घरात?”

“काही नाही. एक पितळी परात आहे, पण ती आईची नाही. तिच्यावर कुणा यमुनेचं नाव आहे. पंगतीत भांडी बदलली असतील. माळ्यावर पडलीय.”

मी कपाळाला हात लावला.

“अहो आबा, लग्नात मुलीचं नाव बदलतात ना! सुभद्रा सासरचं असेल. माहेरी ती यमुना असणार.”

माझं स्वतःचं नाव लग्नात बदललेलं, आणि मी इतके दिवस शोधत होते सुभद्रेला!

आबा परात घेऊन आले. लग्नात दिलेल्या भांड्यावर नवरीच्या नावाखाली देणाऱ्याचंही नाव टाकतात. चिंच लावून घासल्यावर काळवंडलेली खालची ओळ दिसली. ‘बंधू दगडू’, आणि गावाचं नाव. आबा त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले.

मी तिथल्या तलाठ्याला फोन लावला. दगडूभाऊ केव्हाच वारले होते. त्यांची बायको मात्र हयात होती.

आम्ही गेलो. मामी ओट्यावर बसल्या होत्या. आबांनी नाव सांगितलं, तशा त्या बघतच राहिल्या.

“तू यमुनाना आंडोर शे? तुना मामानी कितली वाट दखी रे तुनी!”

यमुनेचा मुलगा आला होता. मामा त्याला न्यायला दोनदा येऊन गेले होते, वडिलांनी पाठवलं नाही, हे आबांना त्या दिवशी कळलं. मामांनी आपल्याला टाकलं असंच ते आजवर समजत होते. मला फार वाईट वाटलं.

आमच्या खान्देशात भाच्याच्या पाया पडतात, मग तो केवढाही असो. मामी भिंतीला धरून उठल्या आणि आबांच्या पायाशी वाकल्या. आबा मागे सरले.

“मामी, नको हो!”

“उभा राय. तुना मान शे हाऊ.”

आबा उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले.

हल्ली कुणी आजीचा किंवा पणजीचा शोध घ्यायला आलं, की मी आधी विचारते, तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं? बहुतेकांना ते माहीत नसतं.