धुतलेले पाय धुण्याचा कार्यक्रम

नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते, त्याची ती आठवण. मोठ्यानं लहानापुढं वाकावं, असा त्यातला अर्थ. आता आमच्यात लहान कोण, हे ठरवायला एक कमिटी होती, आणि कमिटीनं वर्षानुवर्षं स्वतःलाच लहान ठरवलं होतं. त्यामुळं दरवर्षी तेच बारा पाय. त्यातले एक सडकेची कंत्राटं घेणारे गुत्तेदार तर तीन दिवस आधीपासून पाय जमिनीला टेकवायचेच नाहीत. मोटारीतून उतरले की सतरंजी, सतरंजीवरून सोफा. त्यांचा पाय धुतलेलं पाणी परातीत बघितलं, तर ओतलेल्यापेक्षा स्वच्छ. एका उन्हाळ्यात नळाला पंधरा दिवस पाणी नव्हतं, तेव्हा ते पाणी कुणीतरी कळशीत भरून घरी नेलं म्हणतात. म्हणणारा मीच.

मग नवे फादर आले. वसईकडचे, तरणे, अगदी छापल्यासारखं मराठी बोलणारे. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे आमच्या मोठ्या प्रार्थनेत, त्यांनी सांगून टाकलं, "यंदा आपण ज्यांची सेवा करतो, त्या गरीब बंधुभगिनींचे पाय धुतले जातील." कमिटीच्या बाकांवर एकदम खोकल्याची साथ आली.

'आपण सेवा करतो' म्हणजे आम्ही पाच जण करतो. सेवा मंडळ. त्यात मी, एसटीतला रिटायर कंडक्टर. नांदेड-मुखेड रोडवर मी अशा गर्दीत तिकिटं फाडलीत की बस उलटी केली असती तरी उभा पाशिंजर पडला नसता. आणि आमच्या प्रमुख मास्तरीणबाई. त्या उमरीला शाळेवर होत्या. तिथले कावळे अजून तारेवर उंचीप्रमाणे बसतात.

मंडळाचा नियम असा की दोघादोघांनी जायचं, एक शनिवार सोडून एक. पिशवीत तांदूळ, डाळ, तेल, साबण. आणि बाईंच्या हातात फॉर्म. फॉर्मात अकरा प्रश्न. चूल की गॅस? छताला पत्रे किती? रेशनकार्डाचा रंग कोणता? संडास आहे का? असल्यास दार आहे का? उत्तरं दर खेपेला तीच असायची, पण बाई दर खेपेला नव्यानं विचारायच्या. पत्र्यांनी मधल्या पंधरा दिवसांत पिल्लं घातली असली तर, या हिशेबानं.

माझी न् बाईंची जोडी. आमच्या वाट्याच्या घरांत एक घर चाचांचं. चाचा पिंजारी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. कापूस पिंजायची लांब कमान खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचं, कुणी हाक मारली की ओट्यावर बसून जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा शिवून द्यायच्या. फोमच्या गाद्या आल्या तशा हाका कमी झाल्या. दहा गल्ल्या हिंडावं तेव्हा एक गादी. म्हणजे सगळं पोट पायांवर. त्यांच्या थोरल्या भावाला साखरेचा आजार होता. दवाखान्यात दोन पायांवर गेला आणि एकावर परत आला, ही गोष्ट चाचा आम्हाला दर खेपेला सांगायचे. आम्ही दर खेपेला 'अरेरे' म्हणायचो आणि बाई पत्रे मोजायच्या.

चाचांची एक तऱ्हा होती. डाव्या पायात जाडजूड लोकरी मोजा, आणि तो पाय गोधडीखाली. थंडीत आम्ही काही म्हणालो नाही. पण मार्च सरला, नांदेडात पाली भिंतीवरून उतरून माठाला चिकटायला लागल्या, तरी मोजा आपला पायातच. मी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याच्या मोज्यात निजामाच्या काळच्या मोहरा आहेत. बाईंना तसं बोललोही. बाई म्हणाल्या, "फॉर्मात तसा रकाना नाही, भाऊ."

फादरांनी बारा गरीब आणायला सांगितले, तेव्हा मला वाटलं, सोपं काम आहे. आपल्याकडं गरिबांची काय टंचाई? पण पाय धुवून घ्यायला कुणी तयार होईना. तांदूळ घेतले असते, साबणही घेतला असता. पाय द्यायचा म्हटलं की माणसं दार लोटून घेत होती. बसस्टँडमागं गवऱ्या थापणारी एक आजी होती, तिनं तर बाईंचीच तपासणी घेतली.

"पाय धुतेत ते खरं, पण मागणं काय हाय?"

"काही मागणं नाही, आजी."

"मंग मत मागायचं आसंल."

"फादर निवडणुकीला उभे नाहीत."

"मंग लेक हाय का त्यास्नी? पाय जावयाचे धुतेत."

"अहो, त्यांचं लग्नच झालेलं नाही."

"आगं बया. मंग आधी त्याचं बघा की. माझ्या पायाचं काय घेऊन बसलाव?"

शेवटी कार्यक्रमानंतर चिवडा आणि बालूशाही आहे म्हटल्यावर आजी तयार झाली. तिच्यामागं आणखी दहा जण झाले. बारावे चाचा. त्यांना विचारायला मी एकटाच गेलो.

"चाचा, तुमच्या धर्मात बसत नसेल तर राहू द्या."

"पाय धुवायला धरम कुठं आडवा येतो? आम्ही दिवसातून पाच बार धुवून राहिलो. कोणता पाय धुतेत?"

"उजवा."

"उजवाच ना? पक्कं?"

"पक्कं."

"मग येतो. तुम्ही इतके दिवस येऊन राहिले, तुमचं एक काम अडलंय. न्हाई कसं म्हणावं?"

म्हणजे आम्ही त्यांची सेवा करत होतो आणि ते आमच्यावर उपकार करत होते. कोणता पाय, हे त्यांनी दोनदा का विचारलं, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. सीट खिडकीजवळचीच ना, असं माणसं दोनदा विचारतातच की.

बाईंनी बुधवारी सकाळी रंगीत तालीम ठेवली. चर्चच्या मागच्या अंगणात बारा खुर्च्या, सहा इकडं, सहा तिकडं. चार बादल्या पाणी, कपड्याचा साबण, लिंबं, टाचा घासायची वजरी, आणि भांडी घासायचा काथ्या. मी म्हटलं, "बाई, हे कशाला?"

"कशाला म्हणजे? उद्या त्याच हातांनी फादरांना पुढं मिस्सा करायची आहे. असले पाय त्यांच्या हातात द्यायचे?"

थोडक्यात, फादरांनी धुवायचे पाय आदल्या दिवशी आम्ही धुवून ठेवायचे. आणि ते आम्हा पाचही जणांना अगदी बरोबर वाटलं, हे सांगितलं पाहिजे. आम्ही कंबर कसली. एकाच्या टाचेतून जी ढेकळं निघाली, त्यांत मागच्या दोन पेरण्यांचं बी होतं. बाईंनी वजरी अशी चालवली की गवऱ्यावाली आजी उठून उभी राहिली तेव्हा बोटभर बुटकी झाली होती. आजी स्वतःच्या पायांकडं बघून म्हणाली, "हे माझे न्हाईत."

फोटोचा विचार करून बाईंनी आणखी एक सुधारणा केली. उजवीकडच्या सहा जणांनी उजवा पाय पुढं करायचा, डावीकडच्या सहा जणांनी डावा. नाहीतर फोटो लंगडा दिसतो म्हणे. चाचा डावीकडच्या रांगेत होते. ते हळूच उठून उजवीकडं जाऊन बसले. बाईंनी परत पाठवलं. ते पुन्हा गेले.

"चाचा, वर्ग सोडून कुठं निघालात?"

"इकडं ऊन येतंय, बाई."

"ऊन तिकडं आहे. इकडं सावली आहे."

"तेच म्हणून राहिलो. मला सावली न्हाई मानवत."

बादली त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. "मोजा राहू द्या. नमाजाआधी आजारी माणसानं वरूनच ओला हात फिरवला तरी चालतंय आमच्यात."

मी हसलो. आजारी कोण, हे विचारलं नाही. मोहरा आता सापडतात असं वाटून मी खाली बसलो, पाय मांडीवर घेतला आणि मोजा ओढला. तो निघेना. पाणी लावून सोडवावा लागला.

पुढचं मी वाढवून सांगणार नाही. तळव्याला, बोटांच्या खाली, रुपयाएवढी जखम होती, आत खोल. शेजारची दोन बोटं काळी पडली होती. वास आला. त्यात अत्तराचा वासही होता, आणि मग मला कळलं की त्यांच्या घरात दर खेपेला अत्तर कशासाठी घमघमायचं. मी त्या पायापासून हातभर अंतरावर बसून, नाताळापासून आठ वेळा चहा प्यालो होतो.

मग मी बोललो. काय बोललो, तेही सांगतो. मी म्हणालो, "बाई, आता बारावा कुठून आणायचा?"

बाईंनी वजरी बादलीत टाकली आणि त्या ओल्या फरशीवर, रांग सोडून, खाली बसल्या.

"कधीपासून आहे हे?"

"नाताळाच्या आगं-मागं. गादी शिवायचं दाभण घुसलं. दुखलं न्हाई, म्हणून म्हटलं काय झालं न्हाई."

"आम्हाला सांगायचं नाही का?"

"तुम्ही पत्रे विचारले, बाई. पत्रे सांगितले." मग म्हणाले, "भावाचं सांगत होतो की दर खेपेला. दवाखान्यात गेलो की कापतेत. एका पायावर मी कोणती गल्ली फिरू?"

एवढ्यात फादर आले. त्यांनी आधी अकरा चकचकीत पाय बघितले. "हे काय? मग उद्या मी काय धुऊ?" आणि मग बारावा बघितला. पुढं त्यांनी मराठी बोलण्यात वेळ घालवला नाही. चाचांना एका बाजूनं त्यांनी धरलं, एका बाजूनं मी, आणि जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. चाचा वाटभर माझं मनगट आवळून म्हणत होते, "कंडक्टर, मी दोन पायांचं तिकीट काढून चाललोय. परतीचं पण दोन पायांचंच पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी बघितलं, साखर तपासली आणि सांगितलं, "साखरेनं पाय बधिर झालाय, म्हणून दुखलं नाही. दोन बोटं जातील. उद्या सकाळीच काढावी लागतील. पाय वाचेल का, ते पुढं रोज ड्रेसिंग कोण करतं त्यावर आहे. आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर हे विचारायलाच नको होतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चमध्ये विधी झाला तेव्हा मी वॉर्डात चाचांच्या उशाशी होतो. बारावी खुर्ची रिकामी राहील असं मला वाटलं होतं. राहिली नाही. गुत्तेदार मोजे काढूनच आले होते म्हणे, अडीअडचणीला.

चाचांना घरी आणल्यावर बाईंनी ड्रेसिंगचं वेळापत्रक केलं. पाच जण, पाच रंगांच्या पेनांनी. पहिल्या आठवड्यात एकाची कंबर धरली, दुसऱ्याकडं किनवटहून पाहुणे आले, तिसऱ्याला रक्त बघवेना. दुसऱ्या आठवड्यात दोनच रंग उरले. बाईंचा आणि माझा. रोज सकाळी पाय धुवायचा, पुसायचा, औषध लावायचं, पट्टी बांधायची. नर्सनं दोनदा करून दाखवलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी चाचांच्या पायाला पट्टी बांधता बांधता स्वतःचं मनगट त्यात बांधून घेतलं.

चाचा उस्तादासारखे लोडाला टेकून बघायचे. दवाखान्यातल्या कापसावर त्यांचा पहिल्यापासून राग. "ह्याला कापूस म्हणतेत? ह्यात निम्मी हवा आणि निम्मी बेइमानी." माझ्या पुसण्यावर तर फारच. "पुसू नका हो असं, तुम्ही खिडकीची काच पुसून राहिले. टिपा. टिपा म्हणजे दाबा आणि सोडा." बाईंनाही सोडलं नाही. उमरीच्या कावळ्यांना शिस्त लावणाऱ्या बाई मान खाली घालून "हो, चाचा" म्हणायच्या.

जखम भरायला पावसाळा अर्धा सरला. ज्या दिवशी चाचा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले, त्या दिवशी बाईंनी फॉर्मवर बारावा प्रश्न हातानं लिहिला: पाय बघितले का? पुढच्याच शनिवारी गवऱ्यावाल्या आजीला म्हणाल्या, "आजी, पाय दाखवा." आजीनं लुगडं सावरत विचारलं, "का गं, लगीन ठरलं का त्याचं?"

वर्षानं, यंदाच्या गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, खुर्च्या मांडल्या, पण आदल्या दिवशीची तालीम फादरांनी बंद केली. चाचा डावीकडच्या रांगेत स्वतः होऊन बसले. सकाळपासून चार गल्ल्या हिंडून, एक गादी शिवून, तसेच आले होते. केसांत कापूस, चपलेत धूळ. फादर पुढ्यात गुडघ्यांवर बसले तसा चाचांनी डावा पाय पुढं केला, तीन बोटांचा. फादरांनी पाणी ओतलं. परातीतलं पाणी झकास मातकट झालं. इतक्या वर्षांत त्या परातीनं पहिल्यांदा माती बघितली. दोन बाकं मागं गुत्तेदारांनी मान वर करून बघितलं.

फादर टॉवेल घेऊन पाय पुसायला लागले. मी कळशी धरून शेजारी उभा होतो. चाचा माझ्याकडं वाकून, त्यांना वाटलं हळू आवाजात, म्हणाले, "कंडक्टर, साहेबांना सांगा. टिपा म्हणावं."

फादरांनी ऐकलं. टॉवेलची घडी केली, तळव्याला लावून दाबली आणि सोडली.

"हां," चाचा म्हणाले, "जमून राहिलं."