वॉटर पार्कमध्ये वैशालीच्या नावाची घोषणा

मंडळी, तासाभरापूर्वी नाशिकला परतले, पण हातपाय अजून गार आहेत.

मी आणि माझी मैत्रीण वैशाली, नाशिकजवळच्या एकलहरे गावची, आज वॉटर पार्कला गेलो होतो. मंगळवारी तिकीट अर्ध्यावर असतं. शिवाय आतलं महागडं जेवण टाळायचं, म्हणून दिवसभर उपाशीच राहायचं ठरवलं होतं. पार्क जवळजवळ रिकामंच होतं.

दुपारी स्पीकरवरून आवाज आला, "एकलहऱ्याच्या वैशाली, तुमची आई गेटवर थांबली आहे."

वैशालीची आई दोन वर्षांपूर्वी वारली.

"दुसरी कुणी वैशाली असेल गं," मी म्हटलं. थोड्या वेळाने तीच घोषणा पुन्हा झाली. तेव्हा मात्र वैशाली ओल्या कपड्यांनीच धावत सुटली.

गेटवर कुणीच नव्हतं. घोषणा करणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, आत्ताच गेल्या त्या. बराच वेळ थांबल्या होत्या. म्हणाल्या, पोरीला सांगा, उपाशी फिरू नकोस."

मग आम्ही तिथेच जेवलो. वैशालीने रडत रडत सगळं ताट संपवलं.

बसमध्ये तिने एवढंच विचारलं, "मी पहिल्याच हाकेला जायला हवं होतं का गं?"

मंडळी, तुम्ही काय सांगितलं असतं?